लाकडाची गाडी : दोर बांधला म्हणजे माल बांधला गेला काय?

गांधीधामच्या सॉ मिलमधून भरलेली लाकडाची गाडी आठशेहून अधिक किलोमीटर चालून दहिसरला पोहोचते. रात्रभर महामार्गावर माल जागचा हललेला नसतो. दहिसर नाक्यानंतर मात्र प्रवासाची तऱ्हा बदलते. पुलाखालची वळणे, मेट्रोच्या कामाचे पत्रे, गतिरोधक, मध्येच आडवी येणारी रिक्षा आणि दर दोन मिनिटांनी लागणारा ब्रेक. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील कारखान्यापर्यंत किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारापर्यंत पोहोचायला उरलेले असतात पंधरा-वीस किलोमीटर, आणि मालाची खरी परीक्षा तेथेच होते. जेएनपीटीहून ऐरोली पुलावरून मुलुंडला येणाऱ्या मालाचे तेच, आणि घाटकोपरच्या वखारीतून साकीनाक्याच्या सुताराकडे निघालेल्या छोट्या टेम्पोचेही तेच. उलट टेम्पोच्या बाबतीत निष्काळजीपणा अधिक, कारण "इथेच तर जायचे आहे" हे वाक्य सर्वांच्या तोंडी असते.

आपल्या समाजातील कितीतरी बांधव या धंद्यात आहेत. कोणी वखार चालवतो, कोणी मिस्त्री आहे, कोणी पॉलिशवाला, कोणाचा स्वतःचा टेम्पो आहे. लाकडाचा भाव, ओलावा, घनफुटाचे माप यांवर या मंडळींशी तासभर बोलता येईल. पण माल गाडीवर कसा बांधला, असे विचारले की उत्तर येते, "ते हमाल आणि ड्रायव्हर बघतात." हे उत्तर पूर्वी चालून जात असे. आता कायद्याने ते चालत नाही आणि हिशेबानेही परवडत नाही.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. गाडीवरचा माल दोर धरून ठेवतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात वरून आडवा टाकलेला दोर मालाला धरत नाही, तो मालाला खाली दाबतो. माल जागेवर राहतो तो लाकूड आणि हौद्याची फळी यांच्यातील घर्षणामुळे. दोर फक्त ते घर्षण वाढवतो. गाठ किती पक्की आहे याला म्हणून फारसे महत्त्व नाही. दोर किती ताणलेला आहे आणि तो ताण प्रवासात टिकतो का, हा खरा प्रश्न आहे.

याचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. गाडीने जोराचा ब्रेक मारला की माल आपल्या वजनाच्या सुमारे ८० टक्के जोराने पुढे जाऊ पाहतो, असे धरून युरोप-अमेरिकेत माल बांधण्याचे नियम केलेले आहेत. वळणावर बाजूला आणि धक्क्याने मागे जाण्याचा जोर वजनाच्या निम्मा धरतात. समजा गाडीवर ५ टन कापीव लाकूड आहे. ब्रेक लागल्यावर ते ४ टन जोराने केबिनच्या दिशेने रेटणार. कोरडे लाकूड कोरड्या लाकडी हौद्यावर असेल, तर नुसते घर्षण वजनाच्या साधारण ४० टक्के, म्हणजे २ टन रेटा सहन करील. उरलेल्या २ टनांचे काय? एक चांगला रॅचेट पट्टा हाताने कसला तर त्यात सुमारे २५० किलोचा ताण येतो. दोन्ही बाजू मिळून तो मालाला ५०० किलोने दाबतो. त्या दाबाचे घर्षण ४० टक्के, म्हणजे २०० किलो. २ टन भागवायला २०० किलोचे पट्टे किती लागतील? दहा! आणि आपल्याकडे पाच टन मालावर दोन, फार तर तीन दोर दिसतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पट्ट्याच्या चिठ्ठीवर ५ टन किंवा २ टन असे छापलेले असते, म्हणून पुष्कळांना वाटते की एकच पट्टा पाच टन माल पेलेल. तो आकडा पट्टा किती ओढ सहन करील याचा आहे. तो मालाला किती दाबतो हा आकडा वेगळा, आणि वर सांगितल्याप्रमाणे फार लहान आहे. साध्या दोराचे तर आणखी कठीण. माणूस हाताने चाळीस-पन्नास किलोच्या वर फारसा ओढत नाही. फासा टाकून दोर दुहेरी-तिहेरी करून ओढला तर ताण वाढतो, पण गाठीत आणि हुकाच्या घासण्यात त्यातला बराच खर्ची पडतो.

मग दहा-दहा पट्टे आणायचे कोठून? तशी गरज नाही. दोन साध्या गोष्टींनी हा हिशेब पालटतो.

पहिली गोष्ट, माल केबिनमागच्या भिंतीला टेकवून भरायचा. फळी आणि भिंत यांच्यात हातभर अंतर राहिले की ब्रेकच्या वेळी लाकूड तेवढे सरकते, वेग घेते आणि मग आदळते. टेकलेले लाकूड नुसते रेटते, सरकलेले लाकूड ठोकते. हातोडी खिळ्यावर ठेवून दाबणे आणि हातोडी उचलून मारणे यांतला फरक सुताराला सांगायला नको. मात्र भिंत भक्कम हवी आणि माल तिच्या उंचीच्या वर जाता कामा नये. भिंतीच्या वर डोकावणारा शेवटचा थर म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागे रोखलेला भाल्यांचा जुडगाच होय. सपाट ट्रेलरवर पुढे भिंतच नसेल, तर पुढच्या टोकाला आडवा भक्कम ठोकळा अडकवून किंवा साखळीची कैची बांधून ते काम करून घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट, हौद्यावर रबर. घर्षणासाठी खास बनवलेली रबरी चटई मालाखाली घातली तर घर्षण ४० वरून ६० टक्क्यांवर जाते. मग त्याच ५ टनांसाठी घर्षणच ३ टन रेटा सहन करते. उरतो १ टन, आणि प्रत्येक पट्टा आता २०० ऐवजी ३०० किलोचे काम करतो. दहा पट्ट्यांचे काम चार पट्ट्यांवर आले. चटईचा खर्च एकदाच करायचा असतो. काही जण जुन्या टायरचे पट्टे कापून वापरतात. काहीच नसण्यापेक्षा ते केव्हाही बरे, फक्त त्यांवर तेल-ग्रीस नको.

पावसाळ्यात हे आकडे उलट्या दिशेने धावतात. ओला हौदा, त्यावर चिखल, सालीखाली शेवाळ, अशा वेळी घर्षण निम्म्यावर आले असे धरूनच चालावे. २० टक्के घर्षणावर नुसत्या वळणाचा हिशेब करून पाहा. माल अडीच टनांनी बाजूला रेटणार, घर्षण १ टन सांभाळणार, उरतील दीड टन. आता प्रत्येक पट्टा फक्त १०० किलोचे काम करतो, म्हणजे पंधरा पट्टे! इतके कोणी बांधत नाही आणि बांधूही शकत नाही. म्हणून पावसात दोरावर भिस्त न ठेवता बाजूला उभे खुंट किंवा बंद फाळके हवेत. जून ते सप्टेंबर या काळात उघड्या बाजूच्या गाडीतून सुटे लाकूड नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भाड्यातले चार पैसे वाचवण्यासाठी ते करू पाहणाऱ्याला हे पटणार नाही, याचीही कल्पना आहे.

दोराच्या जातीचाही थोडा विचार हवा. काथ्याचा किंवा सुती दोर भिजला की आखडतो आणि वाळला की सैल पडतो. नायलॉन भिजल्यावर अधिक लांबते. बाजारात मिळणारा निळा-हिरवा प्लास्टिकचा दोर उन्हात राहून कुजतो. वरून धडधाकट दिसतो, पण हाताने चोळला की पूड निघते. असा दोर ताडपत्री बांधायला ठेवावा, मालाला लावू नये. रॅचेट पट्टा सर्वांत सोयीचा, पण तो धारेवर कापला जातो. कापीव साग किंवा सालाच्या कडेवरून पट्टा जात असेल तर तेथे टायरचा तुकडा, जाड गोणपाटाची घडी किंवा लोखंडी कोपरा घालावा. त्याने पट्टा वाचतो, शिवाय कडेवर अडकलेला ताण पलीकडच्या बाजूलाही पोहोचतो. सर्व रॅचेट एकाच बाजूला ठेवू नयेत. एक डावीकडे, एक उजवीकडे असे आलटून-पालटून कसावेत, म्हणजे दोन्ही बाजूंना दाब सारखा बसतो. माल हौद्यापेक्षा अरुंद असेल तर पट्टा तिरपा पडतो, आणि पट्ट्याचा हौद्याशी कोन ३० अंशांवर आला की दाब निम्माच उरतो, हेही ध्यानात असावे.

कोणता माल, कशी बांधणी

कापीव साइजच्या मालाची मोळी आधी वेगळी बांधावी आणि मग मोळ्या गाडीला बांधाव्यात. सुट्या फळ्यांच्या ढिगावरून दोर टाकला तर तो फक्त वरच्या आणि कडेच्या फळ्यांना दाबतो. मधल्या फळ्या पत्त्यांच्या जुडीतल्या पानासारख्या निसटतात. दोन थरांत आडवे ठोकळे घातले असतील तर ते एकावर एक, एकाच उभ्या रेषेत यावेत आणि पट्टा बरोबर त्या रेषेवरून जावा. ठोकळा आडवा पाडून ठेवावा. उभ्या कडेवर ठेवलेला ठोकळा पहिल्याच ब्रेकला कलंडतो आणि त्याच्यावरचा सारा थर सैल पडतो. थर पुष्कळ असतील तर केवळ सर्वांत वरून पट्टे न टाकता मधल्या थरावरूनही एक जोडी टाकावी.

अमेरिकेच्या नियमात पट्ट्यांची किमान संख्या मालाच्या लांबीवर ठरते. पाच फुटांहून लांब मालाला दोन, दहा फुटांच्या पुढे दर दहा फुटांना किंवा त्याच्या भागाला आणखी एक. शिवाय सर्व पट्ट्यांची मिळून ताकद मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. हा माल पुढे भिंतीला टेकलेला नसतानाचा आकडा आहे हे विसरू नये. तसा आधार असेल तर पट्टे कमी चालतात. वीस फुटी मालाला तीन पट्टे, हे किमान म्हणून आपल्यालाही पाळता येण्यासारखे आहे.

गोल ओंडक्यांची गोष्ट वेगळी. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. त्यानंतर बर्मा सागाच्या जाड लठ्ठ्यांच्या जागी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील लागवडीच्या सागाचा बारीक माल वाढला. न्यूझीलंडचा पाइनही कांडला बंदरातून येतो. बारीक ओंडके संख्येने अधिक, गुळगुळीत आणि एकमेकांवरून घरंगळणारे. त्यांना उभे खुंट हवेतच. कडेचा प्रत्येक ओंडका किमान दोन खुंटांना टेकला पाहिजे, कडेचे ओंडके खुंटांच्या टोकाच्या खाली राहिले पाहिजेत, आणि वरचा ओंडका खालच्या दोघांच्या खाचेत बसला पाहिजे. वर टेकडीसारखा उंचवटा करून त्यावरून साखळी किंवा पट्टा टाकला की दाब सगळ्यांना मिळतो. सुटी साल आधी झाडून काढावी. साल सुटली की तिच्याबरोबर ओंडकाही सुटतो. कंटेनरमधून आलेल्या ओंडक्यांबाबत आणखी एक सांगायचे तर प्रवासात ते दाराला टेकून बसलेले असतात. दार उघडताना समोर उभा राहणारा हमाल जिवाशी खेळत असतो. दाराच्या आडोशाला उभे राहून, दाराला साखळी लावूनच ते हळूहळू मोकळे करावे.

प्लाय आणि लॅमिनेट मारलेले बोर्ड हे दिसायला सर्वांत सोपे आणि सरकायला सर्वांत तयार. अठरा मिलिमीटरचा आठ बाय चारचा प्लाय साधारण ३५ किलोचा असतो, एमडीएफ त्याहून जड. शंभर नगांचा गठ्ठा म्हणजे साडेतीन टन. लॅमिनेटवर लॅमिनेट ठेवले की घर्षण नावापुरतेच. मध्ये जाड पुठ्ठा किंवा रबर घालावे आणि गठ्ठा चारही बाजूंनी आडवून ठेवावा.

आता छोट्या टेम्पोकडे वळू, कारण उपनगरातला बहुतेक माल शेवटी त्याच्यावरच येतो. २००५ साली टाटांची एस ही गाडी आली आणि तिला लोकांनी "छोटा हत्ती" असे नाव दिले. हौदा सात फुटांच्या आसपास, भार पाऊण टनाचा. आठ फुटी प्लाय त्यात ठेवला की मागचा फाळका लागत नाही. माल त्या उघड्या फाळक्यावर टेकतो आणि त्याला मागे अडवणारे काही उरत नाही. वीस प्लाय चढवले की सातशे किलो झाले, म्हणजे गाडीची शक्ती तेथेच संपली. तरीही ईदच्या आधी फर्निचरच्या ऑर्डरींची घाई सुरू झाली की तीस-पस्तीस नग आणि वर बारा फुटी सागाच्या पट्ट्या, असा टेम्पो हमखास दिसतो. आठ फुटी माल असेल तर आठ-नऊ फुटी हौद्याची पिकअप सांगावी. लांब पट्ट्या असतील तर वखारीतच कामाच्या मापाने कापून घ्याव्यात. मिस्त्रीकडे कामाची यादी असतेच. बारा फुटी पट्टीतून सहा फुटी दोन तुकडे निघणार असतील तर ती अख्खी रस्त्यावरून मिरवण्यात काय अर्थ आहे?

वजनाबाबत घनफुटावर विसंबणारे येथेच चुकतात. सुका साग घनफुटाला अठरा-एकोणीस किलो, तर साल चोवीस किलोच्या घरात. तीनशे घनफूट साग साडेपाच टन भरेल आणि तेवढाच साल सात टनांच्या पुढे जाईल. ओला पाइन सुक्यापेक्षा कितीतरी जड असतो. गाडी डोळ्यांनी अर्धी रिकामी दिसते आणि काट्यावर जादा भरते.

लाल फडक्याचा भरवसा

मागे निघालेल्या मालाला लाल फडके बांधले की कायदा पाळला गेला, असा समज आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहे. पूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियमांत खांब, सळया आणि तोडता न येणारा माल मागे एक मीटरपर्यंत बाहेर काढण्याची सवलत होती. बाहेर आलेल्या सळयांनी रस्त्यावर माणसे मरत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१४ साली केंद्र सरकारने ती सवलत काढून टाकली. तेव्हापासून फडके लावा, दिवा लावा, बाहेर निघालेला माल बेकायदाच आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये पोटकलम १-अ घातले गेले. बाजूला, पुढे, मागे किंवा मर्यादेबाहेर वर निघालेल्या मालाला २० हजार रुपये दंड, शिवाय माल उतरवण्याचा खर्च, आणि माल नीट होईपर्यंत गाडी जागेवरून हलणार नाही. जादा वजनालाही दंड २० हजार, आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. या कलमाचे शब्द आमच्या व्यापारी बांधवांनी नीट वाचावेत. गाडी चालवणाराच नव्हे, तर ती चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा यालाही ते कलम गाठते. "ते ड्रायव्हर बघतो" या उत्तराची किंमत येथे कळते. माणूस दगावला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या कायद्यात ती दोन वर्षे होती.

विम्याची बाजूही पाहून ठेवावी. गाडीचा थर्ड पार्टी विमा रस्त्यावरच्या माणसाच्या नुकसानीसाठी असतो. आपल्या लाकडासाठी तो नव्हे. मालाची ट्रान्झिट पॉलिसी वेगळी घ्यावी लागते आणि तिच्या अटींत अपुऱ्या किंवा अयोग्य पॅकिंगमुळे झालेले नुकसान सामान्यतः वगळलेले असते. सुटी मोळी घसरून फुटली तर सर्व्हेअर त्याच ओळीवर बोट ठेवू शकतो. ज्या कारागिराने उधारीवर माल उचलला आहे, त्याला वखारवाल्याचे पैसे द्यावे लागतील, गिऱ्हाइकाची बयाणा रक्कम परत करावी लागेल आणि लाकूड मात्र रस्त्यावर गेलेले असेल. माल निघण्यापूर्वी चारही बाजूंनी मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. पैसे पडत नाहीत, आणि वाद झाला तर बिल्टीपेक्षा ती जास्त बोलतात.

आता राहिला ताण टिकवण्याचा प्रश्न. कसलेला पट्टा पहिल्या काही किलोमीटरांतच ढिला पडतो, कारण धक्क्यांनी फळ्या एकमेकींत बसतात आणि ढीग बोटभर खाली जातो. पट्टा तसाच राहतो, ताण मात्र गेलेला असतो. अमेरिकेत पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून तपासायचा नियम आहे. आपला फेराच वीस किलोमीटरांचा, म्हणून निघाल्यावर चार-पाच किलोमीटरांत सुरक्षित जागा पाहून एकदा थांबावे. लांबून आलेल्या गाडीने दहिसर किंवा मुलुंडच्या नाक्याआधी पुन्हा कसून घ्यावे, कारण शहरात शिरल्यावर थांबायला जागा मिळत नाही. गायमुखचा घाट, पवईकडून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचे चढ-उतार यांच्या आधी एक हात फिरवून पाहावा. पट्ट्यावर बोटाने टिचकी मारली तर कसलेला पट्टा टणक वाजतो, ढिला पट्टा फडफडतो. क्लीनरला हे दोन मिनिटांत शिकवता येते.

उतरवताना बहुतेकांचा जीव भांड्यात पडलेला असतो, आणि बोटे चिरडण्याची वेळ हीच. रस्त्यात सरकलेला माल दोरावर किंवा फाळक्यावर रेलून असतो. गाडी कलत्या जागेवर उभी असेल तर उताराच्या बाजूला कोणी उभे राहू नये. आधी सगळीकडून फिरून माल कोठे झुकला आहे ते पाहावे, मग विरुद्ध बाजूने एकेक पट्टा सोडावा. सर्व पट्टे एकदम सोडू नयेत. झुकलेल्या ढिगावर नवा पट्टा टाकून त्याला आधी आवरावे, आणि मगच जुना मोकळा करावा. फाळक्याची कडी हाताने न काढता बाजूला उभे राहून काठीने किंवा पहारीने उडवावी.